आभार कुणाचे राहिले?

मैत्रिणींनो, खरं सांगा, आपल्या घरात ‘आभारी आहे’ हे शब्द शेवटचे कधी ऐकू आले? दूधवाल्याला नव्हे, पोस्टमनला नव्हे, घरातल्या घरात. सासूबाईंनी सुनेला, नवऱ्याने बायकोला, किंवा उगीच एकाच बाजूने कशाला बोला, बायकोने नवऱ्याला? बहुतेकींचं उत्तर ठाऊकच आहे. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानणं म्हणजे त्याला परकं करणं. भाजी चांगली झाली की माणूस आणखी एक पोळी मागतो, तीच पावती. बिघडली तर मात्र शब्द बरोब्बर सापडतात!

अशा आपल्याला, केवळ आभार मानण्यासाठी एक सबंध देश वर्षातून एकदा शाळा-कचेऱ्या बंद ठेवतो, हे ऐकून मौज वाटेल. अमेरिकेतला हा सण म्हणजे ‘थँक्सगिव्हिंग’. नोव्हेंबर महिन्यातला चौथा गुरुवार. एकेकाळी तो आपल्याला इंग्रजी पुस्तकांतून कळायचा. आता गावोगावी, गल्लोगल्ली एखादं तरी घर असं असतं, की ज्यांची मुलगी, भाचा, नाहीतर नातसून तिकडे आहे. नोव्हेंबर उजाडला की फोनवर सांगणं येतं, “आई, चार दिवस सुट्टी आहे, पंधरा माणसं जेवायला आहेत, तुझ्या घारग्यांचं प्रमाण सांग!” आणि इकडे आईला प्रश्न पडतो, हा कुठला बाई सण, ज्यात ना पूजा, ना आरती, नुसतं जेवणच जेवण?

तर आज या सणाची ओळख करून घेऊ, पण ती दिवाणखान्यातून नको, स्वयंपाकघराच्या दाराने. कारण हा सण जितका देवादैवाचे आभार मानण्याचा, तितकाच चुलीपुढचा. आणि नवल असं, की या आभाराच्या सणात ज्यांचे आभार मानायचे राहून गेले, त्यांची नुसती यादी केली तरी सणाची खरी गोष्ट हाती लागते.

चार बायका आणि दीडशे पानं

गोष्ट आहे चारशे वर्षांपूर्वीची. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ नावाच्या जहाजातून १०२ माणसं इंग्लंडहून निघून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. पुरुष होते, बायका होत्या, लेकरं होती. एक बाळ तर भर समुद्रातच जन्मलं. किनाऱ्याला लागले तेव्हा थंडीचे दिवस, डोक्यावर छप्पर नाही, गाठीला धान्य बेताचं. पहिल्याच हिवाळ्यात निम्मी माणसं गेली. प्रौढ बायका आल्या होत्या अठरा. पुढच्या वर्षीची सुगी पाहायला त्यांतल्या उरल्या अवघ्या चार.

त्या मुलखात वाम्पानोआग नावाचे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांच्यापैकी टिस्क्वांटम नावाच्या माणसाला १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकलं होतं. तिथून तो इंग्लंडला गेला, इंग्रजी शिकला आणि पाच वर्षांनी घरी परतला, तो काय! साथीच्या रोगाने त्याचं सबंध गाव ओस पडलेलं. आणि त्याच ओस गावाच्या जागेवर या पाहुण्यांनी पुढे आपलं ‘प्लिमथ’ वसवलं. तरीही त्याने त्यांना मका कसा पेरायचा, आळ्यात मासळीचं खत कसं घालायचं, हे शिकवलं. पीक आलं, माणसं जगली.

१६२१ च्या सुगीनंतर त्यांनी मेजवानी केली. वाम्पानोआगांचे प्रमुख मॅसॅसॉइट आपल्या सुमारे ९० माणसांना घेऊन आले आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. मेजवानी चालली तीन दिवस.

आता मैत्रिणींनो, हिशोब आपण मांडू. इंग्रज उरले होते पन्नासेक, पाहुणे नव्वद. म्हणजे दीडशेच्या आसपास पानं, तीन दिवस, आणि रांधणाऱ्या मोठ्या बायका चार! हाताखाली काही पोरीबाळी असतील तेवढ्याच. आपल्याकडे मुंजीला शंभर पानं उठायची म्हटली तरी आचारी सांगावा लागतो. तिथे ना नळ, ना गॅस, ना वाटणाचं यंत्र.

या मेजवानीची हकिकत एडवर्ड विन्स्लो नावाच्या गृहस्थांनी त्याच वर्षी एका पत्रात लिहून ठेवली आहे. पत्र छोटंसं आहे. पक्षी मारायला चार पुरुष पाठवले होते, हे त्यात आहे. ते पक्षी सोलून, धुऊन, शिजवायला चार बायका होत्या, हे मात्र त्यात नाही! यादीतलं पहिलं नाव इथेच लिहून ठेवा.

एका संपादिकाबाईंचा हट्ट

त्यानंतरची दोनशे वर्षं हा सण असा ठरलेला नव्हता. ज्या त्या राज्याने वाटेल त्या दिवशी करावा, नाहीतर करूच नये. त्याला देशाचा सण बनवलं ते कुणी, माहीत आहे? एका बाईंनी, आणि त्या होत्या बायकांच्या मासिकाच्या संपादिका!

त्यांचं नाव सारा जोसेफा हेल. मेरी आणि तिच्या मागे मागे शाळेत जाणारं कोकरू, हे इंग्रजी बडबडगीत आपल्या नातवंडांच्या तोंडी असतं ना? ते १८३० साली छापलेलं गीत याच बाईंचं. १८२२ साली त्यांचे यजमान गेले तेव्हा पदरात पाच मुलं. पुढे आयुष्यभर त्यांनी काळा पोशाख केला आणि लेखणीवर मुलं वाढवली. १८३७ पासून ‘गोडीज लेडीज बुक’ हे मासिक त्यांच्या हाती आलं. (‘गोडी’ हे मालकाचं आडनाव, पण आपल्या कानाला किती गोड लागतं!) त्यात कपड्यांच्या तऱ्हा असत, पाककृती असत, घर कसं टापटीप ठेवावं हे असे, गोष्टी असत. १८६० च्या सुमाराला त्याचे दीड लाख अंक खपत. त्या काळी अमेरिकेतल्या कुठल्याच मासिकाला एवढा वाचकवर्ग नव्हता.

या बाईंनी ध्यास घेतला, की सगळ्या देशाने एकाच दिवशी आभाराचं जेवण जेवावं. १८२७ सालच्या आपल्या कादंबरीत त्यांनी या जेवणाचं अख्खं प्रकरण रंगवलं होतं. मग १८४६ पासून त्या राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहीत सुटल्या. एक अध्यक्ष गेला, दुसरा आला, तिसरा आला. कुणी मनावर घेईना. बाई लिहीतच राहिल्या. मध्येच उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं एकमेकांवर उठली, यादवी युद्ध पेटलं, घरोघरची तरुण मुलं मारली जाऊ लागली. २८ सप्टेंबर १८६३ या दिवशी हेलबाईंनी अब्राहम लिंकन यांना पत्र धाडलं, आणि ३ ऑक्टोबरला लिंकन यांनी जाहीर केलं, की नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार सबंध देशाने आभारदिन म्हणून पाळावा. जाहीरनाम्यात विधवांची, पोरक्या मुलांची आठवण ठेवायलाही त्यांनी सांगितलं.

सतरा वर्षं चिकाटीने पत्रं लिहिणारी ही बाई वयाच्या ८९ व्या वर्षापर्यंत मासिक चालवत होती. आज त्या दिवशी जेवायला बसणाऱ्या कोट्यवधींपैकी कितीजणांना तिचं नाव ठाऊक असेल? यादीत दुसरं नाव घाला.

पुढची गंमत ऐका. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. नाताळाच्या खरेदीला दिवस कमी पडतील अशी व्यापाऱ्यांची ओरड झाली, म्हणून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे ओढला. झालं! काही राज्यांनी नवा गुरुवार धरला, काहींनी जुनाच, आणि टेक्सससारख्या राज्यांनी दोन्ही! आपल्याकडे स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादशा आल्या की सासूबाईंची एक आणि शेजारणीची दुसरी होते ना, अगदी तसं. फरक इतकाच, की आपल्या दोन्ही दिवशी उपास आणि त्यांच्या दोन्ही दिवशी मेजवानी. शेवटी १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार पक्का झाला, तेव्हा कुठे घोळ मिटला.

टर्की म्हणावं की पेरू?

या जेवणाचा मानकरी म्हणजे टर्की नावाचा कोंबड्याच्या जातीचा भलामोठा पक्षी. शाकाहारी मैत्रिणींनी हा भाग वाचायला हरकत नाही, यातलं काही शिजवायचं नाही!

पक्षी अस्सल अमेरिकेचा, पण त्याला इंग्रजीत नाव मिळालं तुर्कस्तानचं. तुर्कस्तानात विचाराल तर तिथे त्याला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा! फ्रेंच लोकही त्याला हिंदुस्थानच्याच नावाने ओळखतात. आणि पोर्तुगीज त्याला म्हणतात ‘पेरू’. म्हणजे बिचाऱ्याचं गाव कुठलं, हे कुणालाच धड माहीत नाही. प्रत्येकाने दुसऱ्याच्या दारात ढकललेला!

आपल्याकडे तो आला गोव्याच्या वाटेने. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून नवलाच्या वस्तू घेऊन गेला, त्यांत हा पक्षीही होता. बादशहा पाहतच राहिला. याच्या डोक्यामानेचे रंग कसे घडीघडीला बदलतात, घटकेत पोवळ्यासारखे लाल तर घटकेत कापसासारखे पांढरे, हे त्याने कौतुकाने आपल्या रोजनिशीत लिहिलं, आणि उस्ताद मन्सूर या आपल्या चित्रकाराकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. काय तो तोरा, काय ती पिसांवरची नक्षी! लग्नात जानवशाला रुसून बसलेले वरबाप आठवावेत, असा थाट.

आता हे प्रकरण शिजवायचं म्हणजे खायचं काम नाही. सात किलोचा गोठवलेला पक्षी फ्रीजमध्ये नुसता सुटा व्हायला तीन-चार दिवस लागतात, आणि भट्टीत भाजायला चारेक तास. वर्षातून एकदाच करायचा पदार्थ, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि सासूबाई टेबलाशी बसलेल्या. हात थरथरले नाहीत तरच नवल! म्हणून १९८१ साली बटरबॉल या टर्की विकणाऱ्या कंपनीने एक फोन सुरू केला. अडलेल्या गृहिणीने फोन करावा, पलीकडून गृहशास्त्र शिकलेल्या बाईने तोड सांगावी. पहिल्या वर्षी सहाजणी फोनवर बसल्या होत्या आणि त्यांना ११ हजार फोन आले. आपली ‘ताईंचा सल्ला’ सदरं आठवली ना? पुरणाचं कटण पातळ झालं, पाक चढला, चकली विरघळली, काय करू? देश कुठलाही असो, सणाच्या आदल्या रात्री बाईच्या पोटात येणारा गोळा सारखाच.

आणि पुरुषमंडळी काय करतात म्हणाल, तर फुटबॉल बघतात! त्या दिवशी सामना असणं हा रिवाजच आहे. डेट्रॉइटचा संघ १९३४ पासून, युद्धाची काही वर्षं सोडली, तर दर थँक्सगिव्हिंगला खेळत आला आहे. आपल्याकडे दिवाळीत क्रिकेट लागलं की फराळाची ताटं जशी जागच्या जागी पोचवावी लागतात, तसंच. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते उगीच नाही.

एकदा मात्र या सणात एका मुक्या जिवाचं नशीब उघडलं. १९२६ साली मिसिसिपीतून कुणीतरी अध्यक्ष कूलिज यांच्या जेवणासाठी जिवंत रॅकून पाठवला. डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखा दिसणारा, मांजराहून थोराड असा हा केसाळ प्राणी. अध्यक्षांना तो खाववेना. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने तो चक्क पाळला, त्याचं नाव रिबेका ठेवलं आणि दोरी बांधून बागेत फिरवला. ताटात जायचा तो राष्ट्राध्यक्षांच्या घरी राहिला!

फुगे, चित्रं आणि चिमुकले पंजे

सणाला कला हवीच. आपली रांगोळी, आकाशकंदील, तशी त्यांची फुग्यांची मिरवणूक. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने १९२४ साली ती सुरू केली. पहिल्या वर्षी प्राणिसंग्रहालयातले हत्ती, उंट, माकडं रस्त्याने चालवली. १९२७ पासून घराएवढे फुगे आले. ते सुचले टोनी सार्ग या कळसूत्री बाहुल्यांच्या कारागिराला. बाहुलीच्या दोऱ्या वरून ओढतात. याने बाहुलीच आकाशात पाठवली आणि दोऱ्या खाली माणसांच्या हातात दिल्या. बघा, कल्पना म्हणजे काय असते!

सुरुवातीच्या वर्षांत मिरवणूक संपली की फुगे सोडून देत, आणि सापडेल त्याला बक्षीस. १९३२ साली एक विमान असल्या फुग्यात अडकून कोसळता कोसळता वाचलं, तेव्हा ही हौस थांबली. महायुद्धात तर फुग्यांचं रबर देशाला देऊन टाकलं आणि तीन वर्षं मिरवणूकच निघाली नाही. १९५७ साली पाऊस पडला. पालक खाणाऱ्या पॉपाय खलाशाच्या टोपीच्या काठात पाणी साचत गेलं आणि एका वळणावर सगळं खालच्या गर्दीच्या डोक्यावर! वळचणीखाली उभं राहून भिजणं आपल्याला माहीत आहे, टोपीखाली भिजणं त्यांनाच.

या सणाचं सर्वांत गाजलेलं चित्र काढलं नॉर्मन रॉकवेल यांनी. १९४३ च्या मार्चमध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ते ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात आलं. पांढराशुभ्र मेजपोस, पांढरं एप्रन बांधलेली आजी थाळा खाली ठेवते आहे, मागे आजोबा उभे आहेत, आणि दोन्ही बाजूंनी हसरे चेहरे. नीट पाहिलंत तर बहुतेकजण एकमेकांशी बोलण्यात दंग आहेत. आजीच्या हातांना तो थाळा किती जड होत असेल, याच्याकडे कुणाचं लक्ष दिसत नाही! पण या चित्राच्या मागे एक छान गोष्ट आहे. चित्रातली आजी म्हणजे रॉकवेल यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाई, मिसेस व्हीटन. त्यांनीच टर्की भाजली, रॉकवेल यांनी ती रंगवली आणि मग सगळ्यांनी ती खाल्ली. म्हणजे निदान एक तरी रांधणारी चित्राच्या मधोमध आली म्हणायची.

मुलांच्या लाडक्या चार्ली ब्राउनचीही या सणावर १९७३ सालची एक चित्रफीत आहे. त्याच्याकडे एक मैत्रीण स्वतःहूनच जेवायला येते, आणखी दोघांना आणते. त्याला स्वयंपाक येत नाही. मग त्याचा कुत्रा स्नूपी टोस्ट भाजतो, मक्याच्या लाह्या फोडतो आणि खाऱ्या काड्या व गोळ्यांबरोबर त्याच पानात वाढतो. पाहुणी रागावते, टर्की कुठे, बटाटे कुठे? तेव्हा दुसरी मुलगी तिला हळूच आठवण करून देते, की तुला बोलावलं होतं कुणी? आमंत्रण नसताना आलेल्या पाहुण्याने मीठ कमी म्हणावं, हा अनुभव कुणाला नाही सांगा!

आणि सर्वांत गोड कला बालवाडीतली. मूल कागदावर आपला पंजा पसरून ठेवतं, कडेने पेन्सिल फिरवतं. अंगठा म्हणजे टर्कीचं डोकं, चार बोटं म्हणजे पिसारा. अंगठ्याला डोळा आणि चोच, खाली दोन पाय, आणि प्रत्येक बोटावर ज्याचे आभार मानायचे त्याचं नाव. तिथल्या कितीतरी आयांच्या कपाटांत असे कागद जपून ठेवलेले असतात. पंजा दरवर्षी मोठा होतो, आणि एके वर्षी कागद येणं बंद होतं.

माहेरची वाट

सण म्हटला की माहेर आलंच. ‘थँक्सगिव्हिंग’च्या आदल्या दिवशी अमेरिकेतले रस्ते, विमानतळ भरून वाहतात, सगळे घराकडे. १८४४ साली लिडिया मारिया चाइल्ड या बाईंनी बर्फातून घसरगाडीत बसून आजोबांच्या घरी निघालेल्या मुलाचं गाणं लिहिलं. आपल्याला मामाच्या गावाला जाणाऱ्या आगगाडीचं गाणं, तसं त्यांना ते. याच बाईंनी १८२९ साली काटकसरीच्या संसाराचं पुस्तक लिहिलं होतं. उरल्यासुरल्याचं काय करावं, थोडक्यात कसं भागवावं, अशी माहिती देणारं. सणाच्या दुसऱ्या दिवशी तिकडेही उरलेल्या टर्कीचं सूप, सँडविच, पुन्हा सूप असं चालतं. आपला फोडणीचा भात आणि कुस्करा त्यांच्या लगेच ओळखीचा होईल!

१९६५ साली अमेरिकेने परदेशी माणसांसाठी कायदा सैल केला आणि आपले डॉक्टर, इंजिनियर तिकडे जाऊ लागले. त्यांच्या बायका गेल्या त्या दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन. शेजारीपाजारी सगळे आपापल्या माहेरी निघालेले, आणि यांचं माहेर सात समुद्रांपलीकडे. मग अशाच चार मराठी घरांनी एकत्र यायचं, प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा, आणि मैत्रिणीच बहिणी व्हायच्या. आजही त्या गुरुवारी कितीतरी मराठी घरांत असंच जेवण असतं. कुणाकडे मसाला लावून टर्की, कुणाकडे मटारभात आणि छोले. डब्यातल्या भोपळ्याच्या गराचे घारगे होतात. तिकडच्या क्रॅनबेरी नावाच्या लाल, करवंदासारख्या आंबट फळांचं मोहरी-मेथी-हिंगाची फोडणी घालून लोणचं होतं. काही वर्षी तर हा दिवस आपल्या मार्गशीर्षातल्या गुरुवारीच येतो. २०२५ साली २७ नोव्हेंबरला तसंच झालं. म्हणजे एका कोपऱ्यात महालक्ष्मीचा घट आणि दुसरीकडे भोपळ्याचा गोड पाय! लक्ष्मीने रुसावं असं त्यात काही नाही. आलेल्या चार माणसांना पोटभर घालणं तिला मान्यच आहे.

एक शांत घटका

आता जरा आवाज कमी करू. कारण या सणात काही शांत क्षणही आहेत.

त्याच गुरुवारी, त्याच प्लिमथ गावात, मॅसॅसॉइट यांच्या पुतळ्याजवळ दरवर्षी काही माणसं जमतात. ती मेजवानी करत नाहीत, ती शोक करतात. १९७० साली, जहाज आल्याला ३५० वर्षं झाली म्हणून समारंभ ठरला आणि वाम्पानोआगांपैकी फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावलं. त्यांनी आपल्या लोकांची खरी कहाणी लिहिली. आधी वाचून पाहिल्यावर आयोजकांनी ते भाषण करू दिलं नाही. मग ते आणि त्यांचे सोबती पुतळ्यापाशी जमले, आणि तेव्हापासून तो त्यांचा शोकदिन झाला. कहाणी काय होती? त्या मेजवानीनंतर पंचावन्न वर्षांच्या आत मॅसॅसॉइट यांचा मुलगा मेटाकॉम याला इंग्रजांनी लढाईत मारलं आणि त्याचं शिर याच प्लिमथमध्ये खांबावर लावून ठेवलं. ज्यांनी पाच हरणं आणली, ज्यांच्या माणसाने मका पेरायला शिकवला, त्यांचे आभार असे फेडले गेले. यादीतलं हे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहायला हवं.

आणि हे फक्त अमेरिकनांचंच देणं आहे असं समजू नका. आपल्या उपासाच्या ताटाकडे पाहा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. लाल भोपळा, मका, टोमॅटो, काजू, खायचा पेरू, आणि जिच्यावाचून आपलं पान हलत नाही ती मिरचीसुद्धा! तिथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षं निवडून, जपून ती पिकं वाढवली. वाम्पानोआगांत तर शेती बायकांच्याच हातात होती. खिचडीचा घास घेताना त्या अनोळखी बायकांची आठवण आपल्याला कुणी करून दिली नाही.

दुसरा शांत क्षण टेबलाशी असतो. कितीतरी घरांत जेवण्याआधी एकेकाने सांगायचं, की या वर्षी मी कशासाठी आभारी आहे. आधी सगळे लाजतात. एखादा मुलगा म्हणतो, परीक्षा रद्द झाली म्हणून, हशा पिकतो. मग कुणीतरी म्हणतं, बाबांचं दुखणं आटोक्यात आलं. कुणी गेल्या वर्षी समोरच्या खुर्चीत असलेल्या माणसाचं नाव घेतं, आणि क्षणभर कुणीच बोलत नाही. ताटातली वाफ तेवढी वर जाते.

आपल्या घरी काय करता येईल?

सण उसना आणायची गरज नाही. आपण काय कमी कृतज्ञ आहोत? पोळ्याला बैलाला पुरणपोळी घालतो, दसऱ्याला पाटी-पुस्तकाला, हत्यारांना फूल वाहतो, जेवून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो. पण विळीला हळदकुंकू लागतं आणि विळीवर बसणारीला कुणी काही म्हणत नाही, एवढंच राहून जातं.

तर महिन्यातून एखादी रात्र ठरवा. सगळी एकत्र पानावर बसतील अशी; रांधणारीसुद्धा. पोळ्या आधी करून ठेवा, एक दिवस गरम नसल्या तर आकाश कोसळत नाही. मुलांना पंजा काढायला सांगा. आपल्याकडे त्याचा मोर करावा. अंगठ्याला तुरा काढला की झाला. प्रत्येक बोटावर एक नाव आणि कशासाठी ते. नुसतं ‘आई’ नको, ‘ताप आला तेव्हा रात्रभर जागली’ असं. पुरुषांचा पंजाही काढून घ्या, मोठा असतो, पिसारा छान होतो! नियम एकच: रांधणारीचं नाव पहिलं, आणि त्या रात्रीची भांडी तिच्याकडे नाहीत.

आणि मैत्रिणींनो, वाट बघत बसू नका, सुरुवात आपणच करू. आपली यादीही लांब आहे. घासलेली भांडी वेळेवर पालथी घालून जाणाऱ्या बाई, बाळंतपणात रात्री उठलेली नणंद, पहिली करपलेली पोळी निमूट खाणारे सासरे. ज्या सासूबाईंनी पुरण कसं वाटायचं ते शिकवलं, त्यांचे शिकवतानाचे टोमणे आपल्याला तोंडपाठ आहेत. शिकवल्याचे आभार मात्र राहिले. त्यांना आज जवळ बसून एवढंच म्हणा, “आई, तुमच्यामुळे मला पुरण जमतं.”

समोरून “काय झालं गं तुला आज?” असा प्रश्न येईल. गोंधळू नका. आज गुरुवार आहे, एवढंच सांगा.